बाकीचे नऊ टक्के

“एक्क्याण्णव टक्के. बाकीचे नऊ टक्के तुम्ही कुठे होता?”

२०१८ च्या फेब्रुवारीत जपानमधल्या ओकायामातल्या एका शाळेत प्रवेशाच्या मुलाखतीला गेले, तेव्हा मला विचारलेला हा पहिला प्रश्न. वृद्धांची आणि अपंगांची शुश्रूषा शिकवणारी ती दोन वर्षांची व्यवसाय-शाळा. जपानीत या कामाला ‘काइगो’ म्हणतात. टेबलावर माझी फाइल उघडी होती. पुण्यातून घेतलेली बी.ए.ची पदवी, जपानी भाषेच्या एन-टू परीक्षेचा निकाल आणि भाषाशाळेतल्या दीड वर्षाच्या हजेरीचा दाखला. पदवीचं कौतुक होईल, निदान एन-टूबद्दल कुणी काही बोलेल, अशी माझी अपेक्षा होती. समोरच्या तिघांपैकी कडेला बसलेल्या, पिकल्या केसांच्या बाईंनी हजेरीच्या आकड्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढली आणि मान वर करून हे विचारलं.

मी खरं सांगितलं. “झोपले होते.”

विद्यार्थ्याच्या व्हिसावर आठवड्याला २८ तासच काम करता येतं. ते तास मी बेन्तोचे डबे भरणाऱ्या कारखान्यात रात्रपाळीला घालत असे. सरकत्या पट्ट्यावरून येणाऱ्या डब्यात लोणच्याचा एक तुकडा ठेवायचा, पुन्हा एक, पुन्हा एक. पहाटे खोलीवर येऊन अंग टाकलं की कधीकधी सकाळची शाळा हुकायची. बाईंनी ‘झोप’ हा शब्द वहीत टिपून घेतला आणि म्हणाल्या, “इथे झोप आली तर वर्गात येऊन झोपा. पण या.”

पुढची दोन वर्षं त्याच माझ्या वर्गशिक्षिका होत्या. आम्ही त्यांना नुसतं ‘सेन्सेई’, म्हणजे शिक्षक, म्हणायचो. माझ्या आडनावाच्या शेवटचा ‘ल’ त्यांच्या जिभेवर ‘रु’ व्हायचा. रोज सकाळी आठ पन्नासला त्या रुकारासकट माझं नाव पुकारलं जायचं आणि मी “हाऽइ” म्हणायचे.

ओकायामा हे नाव मला पुण्यात असल्यापासून माहीत होतं. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान हे पुणे-ओकायामा मैत्रीचं उद्यान, तिथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकत असताना आम्ही मैत्रिणी तिथे तळ्याकाठी शब्द पाठ करायचो. पुढे खऱ्या कोराकुएनला गेले, आसाही नदीपलीकडचा काळा किल्ला पाहिला, आणि आपण ओळखीच्याच कुणाच्या घरी आलोय असं वाटलं. त्या वाटण्यावर मी पहिले सहा महिने काढले.

हजेरीचा हा धाक काय असतो, हे मराठी वाचकाला सांगायला हवं. जपानमध्ये परदेशी विद्यार्थ्याची हजेरी ही शाळेपुरती गोष्ट नसते. रहिवासाचा परवाना वाढवायचा तर अर्जासोबत हजेरीचा दाखला लागतो. भाषाशाळेतल्या मुलाची महिन्याची हजेरी निम्म्याखाली गेली तर शाळेनं ते इमिग्रेशनला कळवायचं असतं. सबळ कारणाशिवाय तीन महिने शिक्षण सोडून राहिलात तर परवानाच रद्द होऊ शकतो. मी दुसऱ्या वर्षात असताना, २०१९ मध्ये, टोकियोतल्या एका विद्यापीठातून तीन वर्षांत सुमारे १६०० परदेशी विद्यार्थी बेपत्ता झाल्याचं बाहेर आलं. त्यानंतर तर सगळीकडे पट आणखी बारकाईनं तपासले जाऊ लागले. आमच्या वर्गात व्हिएतनामच्या आणि नेपाळच्या मुली होत्या, भारतातली मी एकटी. सगळ्यांनाच वाटायचं की हा पट म्हणजे आपल्यावर ठेवलेली पाळत आहे. मलाही तसंच वाटायचं.

काइगोच्या शाळेत त्यावर आणखी एक पदर होता. हा अभ्यासक्रम १८५० तासांचा, त्यात ४५० तास प्रत्यक्ष वृद्धाश्रमांत, रुग्णांत. वर्गातल्या प्रत्येक विषयाला दोन तृतीयांश हजेरी नसेल तर तो विषय झाला असं धरत नाहीत. प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला तर चार पंचमांश. आमच्या शाळेत तीन वेळा उशीर म्हणजे एक गैरहजेरी. गाडी लेट झाली तर स्टेशनवरून उशिराचा दाखला आणायचा. तो एवढासा कागद मिळवायला फलाटावर उभी राहायचे, तेव्हा मला आमच्या कराडचं एस.टी. स्टँड आठवून रडू यायचं.

२०१८ च्या जुलैत पश्चिम जपानात पावसानं हाहाकार माजवला. कुराशिकी शहराच्या माबी भागात ओदा नदीचे बांध फुटले, घरं वरच्या मजल्यापर्यंत बुडाली, एकट्या माबीत ५१ माणसं गेली. ती शनिवारची सकाळ होती, ७ जुलै. गाड्या बंद. माझा फोन वाजला. पलीकडून कसलाही नमस्कार न करता सेन्सेईंनी माझं आडनाव उच्चारलं. मी सवयीनं म्हटलं, “हाऽइ.” त्या म्हणाल्या, “बरं,” आणि फोन ठेवला. मग कळलं, त्यांनी पट समोर घेऊन वर्गातल्या एकूणएक मुलीला असा फोन केला होता. एक व्हिएतनामी मुलगी फोन उचलत नव्हती. तिचा पत्ता लागेपर्यंत, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, त्यांनी तिच्या नावापुढची चौकट कोरी ठेवली होती. ती एका शाळेच्या व्यायामशाळेत सुखरूप सापडली. चौकटीतली खूण मी नंतर पाहिली. इतरांपेक्षा जरा दाबून काढलेली होती.

जपानीत हजर असण्याला ‘शुस्सेकि’ म्हणतात, म्हणजे बाहेर पडून आपल्या आसनावर येणं. गैरहजेरीला ‘केस्सेकि’. त्यातल्या पहिल्या अक्षराचा अर्थ उणं, कमी. माणूस चुकार आहे असं तो शब्द म्हणत नाही, एक आसन उणं आहे एवढंच म्हणतो. हे मला सेन्सेईंनी शिकवलेलं नाही. त्या जुलैनंतर फळ्यावर ती अक्षरं पाहताना माझं मलाच दिसलं.

आता अण्णांबद्दल सांगायला हवं.

माझे वडील आय.टी.आय.त शिल्पनिदेशक होते, टर्नर ट्रेडला. आमच्या घरात ‘मस्टर’ हा शब्द ‘मीठ’ या शब्दाइतक्या वेळा उच्चारला जायचा. परीक्षेला बसायला ऐंशी टक्के हजेरी लागते, आणि त्यांच्या वर्गातली निम्मी पोरं शेतमजुरांची. हंगाम आला की गुऱ्हाळावर, ऊसतोडीला जाणारी. असाच एक मुलगा होता. वडील नाहीत, घरी दोन बहिणी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तो गुऱ्हाळावर राबायचा. अण्णांनी त्याची हजेरी लावली. एक-दोन दिवस नाही, दोन महिने. तो परीक्षेला बसला, पास झाला, एका कारखान्यात लागला. आणि तिथे पहिल्याच वर्षी चकमध्ये किल्ली तशीच राहिली असताना त्यानं लेथ सुरू केलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

चकमधून किल्ली काढल्याशिवाय हात स्विचकडे न्यायचा नाही, हे अण्णा वर्गात रोज सांगायचे. रोज सांगूनच ते हातात उतरतं. तो मुलगा त्या दिवसांत उसाच्या रसाच्या काहिलीपाशी होता. “मी त्याचे दिवस भरले,” अण्णा म्हणायचे, “त्याचा हात भरला नाही.” हे ते आईलाही सांगायचे नाहीत. एकदा मला म्हणाले, मी जपानला निघायच्या आदल्या रात्री.

२०१९ चं लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होतं. त्यानंतर चार दिवसांनी अण्णा गेले. माझं शेवटच्या टप्प्याचं प्रशिक्षण एका वृद्धाश्रमात चालू होतं. २२ दिवसांचा तो टप्पा, १७६ तासांचा. त्यातले बारा दिवस झाले होते. फोन आला तेव्हा मी एका ब्याण्णव वर्षांच्या आजींना सदरा घालत होते. त्यांची उजवी बाजू पक्षाघातानं गेलेली. काढताना बरी बाजू आधी, घालताना लुळी बाजू आधी. हे सूत्र पहिल्या वर्षी इतक्या वेळा घोटवून घेतलं होतं की डोळ्यांपुढे अंधार असतानाही माझ्या हातांनी आधी उजवी बाहीच हातात घेतली.

शाळेच्या नियमात आई-वडिलांच्या निधनासाठी सात दिवस होते. मी सेन्सेईंना म्हटलं, आमच्यात तेरा लागतात. त्यांनी विचारलं, “तेराव्या दिवशी काय होतं?” मी जमेल तशा जपानीत सांगितलं. तिसऱ्या दिवशी अस्थी सावडतात, दहाव्याला पिंड ठेवून कावळ्याची वाट बघतात, तेराव्याला गोडाचं जेवण करून घर पुन्हा माणसांत येतं. त्या ऐकत राहिल्या. त्यांच्याकडे सातव्या आणि एकोणपन्नासाव्या दिवसाला मान आहे. “मग तेरा दिवस राहून या,” त्या म्हणाल्या. “सात दिवसांपुढचे दिवस गैरहजेरीत धरले जातील. सातांतलेही प्रशिक्षणाचे तास म्हणून मिळणार नाहीत. ते मी बदलू शकत नाही. पण तुम्ही अर्धवट परत येऊ नका.”

मी कराडला पोचले तेव्हा अण्णांना नेलेलं होतं. प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयनेच्या पाण्यात रक्षा सोडताना मी होते, एवढंच.

दहाव्याला एक चाळिशीचा माणूस आला. कुणी ओळख करून द्यायची गरज पडली नाही. नमस्कार करताना त्याचा उजवा हात दिसला. आईच्या पाया पडून म्हणाला, “सरांनी माझी हजेरी लावली म्हणून मी उभा राहिलो. बहिणींची लग्नं झाली. त्यांच्यासारखा माणूस मिळत नाही.” तो मनापासून रडत होता. त्याच्या हिशेबात अण्णा त्याचे तारणहार होते. अण्णांच्या हिशेबात अण्णा त्याचे गुन्हेगार. दोघांपैकी कुणाचा हिशेब खरा मानायचा, हे मला त्या दिवशी ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही. पोराची उपासमार डोळ्यांनी बघणारा शिक्षक दुसरं काय करणार होता? पण एक मला वाटतं. अण्णांपाशी त्याला द्यायला खूण होती, वेळ नव्हता. संध्याकाळचा वर्कशॉप उघडून त्या मुलाला एकट्याला शिकवायची सोय कुणीच केलेली नव्हती.

परत आल्यावर मी सेन्सेईंसमोर बसले. दहा दिवस बुडाले होते. गणित सोपं होतं. १७६ तासांचे चार पंचमांश म्हणजे १४१ तास. माझे झाले होते ९६. आणखी सहा दिवस केले की १४४, नियमात बसले. हिवाळ्याच्या सुट्टीत सहा दिवस भरायचे आणि उरलेल्या सुट्टीत काम करायचं, असं मी विमानातच ठरवलं होतं. लांब सुट्टीत परदेशी विद्यार्थ्याला दिवसाला आठ तास काम करायची मुभा असते, आणि तिकिटासाठी घेतलेले पैसे फेडायचे होते.

सेन्सेईंनी कागद पुढे सरकवला. २५ डिसेंबर ते ५ जानेवारी. मधले दोन दिवस विश्रांती. एकूण दहा दिवस.

“सहा पुरतात,” मी म्हटलं.

“पास व्हायला पुरतात. तुम्ही त्या आजींसाठी योजना लिहिलीत आणि निघून गेलात. योजना कितपत लागू पडली, कुठे चुकली, हे बघायचे दिवस तेच होते.”

मला राग आला. तो राग मी लपवलाही नाही. त्या बाईंनी कधी बेन्तोच्या पट्ट्यापुढे रात्र काढली असती तर असं बोलल्या नसत्या, असं माझ्या मनात आलं. मी अण्णांची आणि त्या मुलाची गोष्ट त्यांना सांगितली, खरं तर त्यांना हरवण्यासाठी सांगितली. आमच्याकडे शिक्षक असे असतात, हे दाखवण्यासाठी. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “कोणती दोन बोटं?” मी म्हटलं, तर्जनी आणि मधलं. त्या बराच वेळ स्वतःच्या हाताकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुमच्या वडिलांना मी भेटायला हवं होतं.”

कागद तसाच समोर राहिला. मी सही केली.

जपानमध्ये २९ डिसेंबर ते ३ जानेवारी सरकारी कचेऱ्या बंद असतात. शाळाही. वृद्धाश्रम मात्र बंद होऊ शकत नाहीत. प्रशिक्षणार्थी कामावर असताना शाळेच्या शिक्षकानं आठवड्यातून एकदा तरी येऊन मार्गदर्शन करावं लागतं. शाळाच बंद, तर कोण येणार? सेन्सेई आल्या. २७ तारखेला आल्या, ३० तारखेला आल्या आणि नव्या वर्षाच्या २ तारखेलाही आल्या. नियमाला पुरले असते त्याहून जास्त वेळा. कोट काढायचा, हात धुवायचे, माझी रोजची नोंदवही उभ्याउभ्या वाचायची, एखाद्या वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ. ‘आजींनी नीट जेवण केलं’ असं मी लिहिलं होतं. त्याखाली रेघ ओढून त्यांनी विचारलं, “नीट म्हणजे किती घास? कोणत्या हातानं?”

माझी योजना अशी होती की आजींनी डाव्या हातानं, मागे स्प्रिंग बसवलेल्या चिमट्यासारख्या चॉपस्टिक्स धरून, टेबलाशी बसून स्वतः जेवावं. नोव्हेंबरात मी नसताना त्या पुन्हा भरवून घेऊ लागल्या होत्या. पहिले तीन दिवस त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चौथ्या दिवशी मला शंका आली की चूक चॉपस्टिक्सची नव्हती, टेबलाची होती. दोन बोटं उंच होतं, म्हणून खांदा लवकर दुखायचा. हे मला सहाव्या दिवसापर्यंत नक्की करता आलं नसतं. टेबल बदललं, पायांखाली पाट दिला. १ जानेवारीला झोओनी होती, नव्या वर्षाची ती मोचीची पातळ भाजी. खरी मोची म्हाताऱ्या माणसांच्या घशात अडकते, दर वर्षी त्यानं माणसं दगावतात, म्हणून आश्रमात तिच्याऐवजी मऊ, तुटणारा गोळा करतात. आजींनी तो डाव्या हातानं उचलला, तोंडात घातला आणि ओकायामाच्या बोलीत म्हणाल्या, “बोक्के उमाई.” लई भारी. मी नोंदवहीत लिहिलं: सात घास, डावा हात, टेबल दोन बोटं खाली.

दुसऱ्या दिवशी सेन्सेईंनी ते वाचलं. त्याखाली रेघ नव्हती. शिक्का होता.

२६ जानेवारीला राष्ट्रीय परीक्षा झाली, मी पास झाले. मार्चमध्ये कोरोनामुळे पदवीदान अर्ध्या तासात आटोपलं, मास्क लावून, पालकांशिवाय. शिक्षणासाठी प्रांताकडून कर्ज घेतलं होतं, महिन्याला ५०,००० येन. इथे पाच वर्षं शुश्रूषेचं काम केलं की ते माफ होतं. २०२५ मध्ये तसं पत्र आलं आणि मी ते आईला व्हिडिओवर दाखवलं.

पण मला सांगायचंय ते २०२३ च्या डिसेंबरचं. सेन्सेई तोवर निवृत्त झाल्या होत्या. दर वर्षी त्यांचं नव्या वर्षाचं पोस्टकार्ड यायचं. त्या वर्षी काळसर कडेचं कार्ड आलं, घरात सुतक असल्यानं शुभेच्छा पाठवू शकत नाही, असं. सप्टेंबरात त्यांचे पती गेले होते. मी सुट्टी काढून गेले. घर लहान, नीटनेटकं. जिन्याला कठडा, न्हाणीघरात धरायला दांडा, दाराच्या उंबऱ्यावर उताराची फळी. आमच्या धंद्यातल्या माणसाला अशी घरं वाचता येतात. इथे बरीच वर्षं कुणीतरी अर्ध्या अंगानं वावरलं होतं.

मी विचारलं, कधीपासून? त्या म्हणाल्या, “२०१९ च्या नोव्हेंबरपासून. उजवी बाजू.”

मी मनात महिने मोजले. मी कराडहून परतले तो नोव्हेंबर.

“त्या नव्या वर्षाला?”

“हॉस्पिटलनं तीन रात्री घरी न्यायला परवानगी दिली होती. ३१ तारखेपासून. मुलगी आली होती त्यांच्यापाशी.”

म्हणजे २ जानेवारीला, ज्या दुपारी त्या माझ्या नोंदवहीवर शिक्का मारत होत्या, त्या दुपारी त्यांचा नवरा आजारानंतर पहिल्यांदा घरी होता आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हॉस्पिटलात जायचा होता. मला काही बोलता येईना. शेवटी म्हटलं, “तेव्हा सांगितलं का नाहीत?”

सेन्सेई चहा ओतत होत्या. “सांगितलं असतं तर तुम्ही सहा दिवसांवर थांबला असता.”

मग त्या उठून पुढे झाल्या, देवघराची दारं उघडली. आत फोटो होता, हसऱ्या, बारीक चणीच्या माणसाचा. मी उदबत्ती लावली, हात जोडले. माझ्या मागे उभं राहून त्यांनी फोटोला कोण आलंय ते सांगितलं. आडनाव घेतलं, शेवटच्या त्या रुकारासकट, वर्गात घ्यायच्या तशाच आवाजात.

आणि मी म्हटलं, “हाऽइ.”